खुराक : पैलवानाचा आणि आपल्या पोरीचा



आज आपण एका शब्दाचा इतिहास बघू. शब्द आहे 'खुराक'. आपल्या घरात तो नवा नाही. दुभत्या म्हशीला सरकी-पेंड घालतो, तो तिचा खुराक. बैलाला नांगरटीच्या दिवसांत जास्तीचं घालतो, तो त्याचा खुराक. तालमीत जाणाऱ्या पोराला दूध, तूप, बदाम देतो, तो त्याचा खुराक. पण शाळेच्या मैदानावर कबड्डी-खो-खो खेळणाऱ्या, पहाटे डांबरी सडकेवर धावणाऱ्या पोरीच्या ताटाला कुणी खुराक म्हटल्याचं ऐकलंय का? ती खाते ते नुसतं 'जेवण'. तेही बऱ्याच घरांत सगळ्यांची पानं झाल्यावर.

हे असं का झालं, आणि शास्त्र आज काय सांगतं, हे समजून घ्यायला शंभर-सव्वाशे वर्षं मागं जाऊ.

तालमीतली शिस्त

सुरुवात कोल्हापुरापासून करू. १८९४ साली शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला. महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन. त्यांनी तालमींना बळ दिलं, पैलवानांना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. पैलवानाच्या पोटाची काळजी दरबार घेत असे. पुढे संस्थानं विलीन झाली. मग हा भार घरानं आणि गावानं उचलला. पोरगं तालमीत गेलं की त्याच्यासाठी दावणीला एक म्हैस जास्तीची बांधायची, ही रीत कितीतरी गावांत होती. कोल्हापूरचे दूधकट्टे तर आजही प्रसिद्ध आहेत. डोळ्यांसमोर म्हशीची धार काढायची आणि ग्लास तोंडाला लावायचा.

खुराकात काय असे? दूध, तूप, मटण आणि थंडाई. बदाम, खसखस, मगज, बडीशेप, मिरी हे सगळं कुंडीत घोटायचं आणि दुधात मिसळायचं. हे ऐकून कुणाला वाटेल, एवढं सगळं आपल्याला कुठून परवडायचं? तर मैत्रिणींनो, तुपाचं माप विसरा. तालमीची शिस्त बघा.

त्या शिस्तीत तीन गोष्टी होत्या. पहिली, खाणं मेहनतीच्या वेळेला बांधलेलं असे. पहाटे जोर-बैठका, मातीत लढत, आणि मेहनत संपली की लगेच पोटात काहीतरी. दुसरी, विश्रांती हा मेहनतीचाच भाग होता. दुपारी पैलवान झोपला तर त्याला कुणी आळशी म्हणत नसे. आणि तिसरी, त्याच्या ताटाकडे बघणारा एक माणूस होता, तो म्हणजे वस्ताद. कोण किती खातो, कुणाचं अंग उतरलंय, कोण दमलाय, याच्यावर त्याची नजर असे.

ही तीन सूत्रं आजही खरी आहेत. फक्त ती पोरासाठी होती. त्या म्हशीचं शेण काढणारी, तिला वैरण घालणारी बाईच होती. दूध मात्र तालमीत गेलं. घरातल्या पोरीनं पळावं, खेळावं आणि त्यासाठी दूध प्यावं, असा विचार त्या काळी फारसा कुणाच्या डोक्यात नव्हता.

कुन्नूरचे उंदीर

आता थोडं दक्षिणेकडे जाऊ. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात कुन्नूर नावाचं गाव आहे. तिथं १९१८ साली रॉबर्ट मॅककॅरिसन नावाच्या इंग्रज सरकारच्या डॉक्टरानं आहारावर संशोधन सुरू केलं. त्याच कामातून वाढत आज हैदराबादला असलेली राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली.

मॅककॅरिसनला प्रश्न पडला होता, की देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या माणसांच्या अंगकाठीत एवढा फरक का? त्यानं पांढऱ्या उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकेका भागातल्या माणसांचा आहार दिला. उंदीर सगळे एकाच जातीचे, पिंजरे सारखे, फरक फक्त ताटाचा. पंजाबातल्या शीख शेतकऱ्यासारखं खाणारे उंदीर सगळ्यांत चांगले वाढले. त्यांना मिळत होतं काय? न चाळलेल्या गव्हाची चपाती, लोणी, दूध, मोड आलेली कडधान्यं, कच्च्या भाज्या आणि आठवड्यातून एकदा थोडं मटण. नुसत्या सडलेल्या तांदळावर भर असलेल्या आहारावरचे उंदीर सगळ्यांत खुरटे राहिले.

त्याचा आणखी एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. इंग्लंडातली गरीब माणसं तेव्हा जे खात, ते त्यानं एका गटाला दिलं : मैद्याचा पाव, बनावट लोणी, डब्यातलं मटण, उकडून सत्त्व गेलेली भाजी आणि भरपूर गोड चहा. ते उंदीर वाढले नाहीत, आजारी पडले, चिडखोर झाले आणि शेवटी एकमेकांना चावून खाऊ लागले.

गोड चहा आणि मैद्याचा पाव. आता आपल्या घरातली सकाळ डोळ्यांपुढं आणा. पोरगी सहाला सरावाला निघते. चहात बुडवून दोन बिस्किटं किंवा एक खारी, आणि पळाली. कुन्नूरच्या उंदरांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी दाखवलेली गोष्ट आपल्या ओट्यापर्यंत अजून पोचलेली नाही.

एकाच ऑलिंपिकला गेलेली पाच नावं

१९५२ साली फिनलंड देशातल्या हेलसिंकीला ऑलिंपिक भरलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथं कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावानं पैसे गोळा केले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. परतल्यावर बैलगाड्यांची लांबलचक मिरवणूक निघाली. ही गोष्ट आपल्याकडे अभिमानानं सांगितली जाते, आणि सांगावीच.

पण त्याच ऑलिंपिकला भारतातून चार मुलीही गेल्या होत्या, हे किती जणींना माहीत आहे? धावायला बंगालची नीलिमा घोष आणि मुंबईच्या वांद्र्याची मेरी डिसोझा. पोहायला मुंबईची डॉली नझीर आणि कलकत्त्याची आरती साहा. नीलिमा तेव्हा सतरा वर्षांची होती. आरती अवघी अकरा वर्षांची. मोठेपणी, १९५९ साली, हीच आरती इंग्लिश खाडी पोहून गेली. असं करणारी आशियातली ती पहिली स्त्री.

म्हणजे पोरी पहिल्यापासून मैदानात होत्या. त्यांच्या मागं तालमीसारखी व्यवस्था मात्र नव्हती. ना दरबार, ना दावणीची जास्तीची म्हैस, ना ताटाकडे बघणारा वस्ताद.

पेज, लोणचं आणि सेकंदाचा शंभरावा भाग

ती व्यवस्था नसली की काय होतं, हे पुढच्या गोष्टीत दिसतं.

केरळातल्या पय्योली गावाची पी. टी. उषा. घरची परिस्थिती बेताची. १९७६ साली केरळ सरकारनं कण्णूरला मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केला. महिना २५० रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून ही बारा वर्षांची मुलगी तिथं राहायला गेली. चार वर्षांत, सोळाव्या वर्षी, ती मॉस्कोच्या ऑलिंपिकला धावली.

१९८४ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ती अंतिम फेरीत पोचली. तिची वेळ ५५.४२ सेकंद. तिसरी आली ती रुमानियाची धावपटू, ५५.४१ सेकंदांत. सेकंदाचे शंभर तुकडे केले तर त्यातला एक तुकडा उषाला कमी पडला आणि कांस्यपदक गेलं.

कितीतरी वर्षांनी एका मुलाखतीत उषाताईंनी त्या दिवसांतल्या खाण्याबद्दल सांगितलं. तिथलं जेवण त्यांच्या ओळखीचं नव्हतं. घशाखाली उतरेना. सोबत आहार बघणारं कुणी नव्हतं. शेवटी तांदळाची पेज आणि लोणचं यावर त्यांनी दिवस काढले. शेवटच्या पस्तीस मीटरमध्ये अंगातलं बळ टिकलं नाही, त्यावर या खाण्याचा परिणाम झालाच, असं त्या म्हणाल्या.

पेजेला इथं दोष देऊ नका. कोकणातली पेज, घाटावरची आंबील ही कष्टकऱ्यांची जुनी साथ. पण पेजेबरोबर मासळी, डाळ, खोबरं, भाजी असते तेव्हा ते जेवण होतं. नुसती पेज आणि लोणचं म्हणजे पाणी, थोडा तांदूळ आणि मीठ. पेजेच्या शेजारची वाटी रिकामी राहिली, आणि जगातल्या सगळ्यांत मोठ्या शर्यतीत ती उणीव नडली. आपल्या गावच्या पोरीला ऑलिंपिक नसेल खेळायचं. पण रिकाम्या वाटीचा हिशेब तिच्याही अंगातून वसूल होतोच.

शरीर कुठून वसूल करतं?

उषाताईंच्या शर्यतीनंतर आठ वर्षांनी, १९९२ साली, अमेरिकेतल्या क्रीडा-वैद्यकाच्या तज्ज्ञांनी खेळाडू मुलींमध्ये तीन तक्रारी एकत्र येतात हे मांडलं. खाणं कमी पडतं, पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि हाडं ठिसूळ होतात. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी याचा आणखी विस्तार केला. सरावात जेवढी शक्ती खर्च होते तेवढी ताटातून परत मिळाली नाही, तर शरीर काटकसर करायला लागतं, असं त्यांनी सांगितलं. मुलगे असोत वा मुली, दोघांचंही असंच होतं.

घर चालवणाऱ्या बाईला ही काटकसर समजावून सांगायला नको. पैसा कमी आला की आपण आधी काय थांबवतो? आज ज्याच्यावाचून अडत नाही ते. शरीरही तेच करतं. आधी पाळी थांबवतं, मग हाडांची भरणी थांबवतं, वाढ रोखतं. काही प्रशिक्षक आणि काही आयासुद्धा म्हणतात, 'खेळणाऱ्या पोरींची पाळी चुकतेच, त्यात काय?' तसं नाही. पंधरा वर्षं पूर्ण झाली तरी पाळी आली नाही, किंवा सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. नडगी किंवा पाऊल पुन्हा पुन्हा एकाच जागी दुखत असेल तर लेप लावून पळायला लावायचं नाही, तेही दाखवायचं. हाडांची बहुतेक भरणी याच वयात होते. तेव्हा राहिलेली कसर चाळिशीनंतर कंबर आणि गुडघे वसूल करतात.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण १०० मागे ३१ आहे. रक्त कमी असलेली पोरगी दोन फेऱ्यांत धापा टाकते आणि आपण म्हणतो, 'हिच्यात दम नाही.' दम असतो, लोह नसतं.

सावरपाडा आणि मोही

आपल्या मातीतल्या दोन मुलींची नावं इथं घ्यायलाच हवीत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत. लहानपणी डोंगरवाटेनं लांबून पाणी आणताना तिचे पाय तयार झाले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत तिला कांस्यपदक मिळालं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. दुसरी सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर. सुरुवात खो-खोपासून, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत मजल. उषाताईंच्या त्या शर्यतीनंतर तब्बल ३२ वर्षांनी भारताची मुलगी धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरीत पोचली होती. ललिता दहावी आली.

या गोष्टी ऐकल्या की लोक म्हणतात, 'बघा, कष्टानं पोरी तयार होतात.' अर्धं खरं आहे. कष्टानं पाय तयार होतात. ते टिकायला अन्न आणि झोप लागते. तालमीतला पैलवान मेहनतीनंतर झोपत होता. आपली पोरगी सरावाहून येते ती हंडा उचलते, धाकट्याला बघते, भाकऱ्या थापते आणि रात्री अभ्यास करून पाच तास झोपते. घरकाम हाही व्यायामच असतो आणि त्यालाही शक्ती लागते. तिचा तोही खर्च ताटात मोजायला हवा.

ताटाचं माप

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली नवी मापं दिली. १६ ते १८ वर्षांच्या मुलीला रोज सुमारे २५०० कॅलरी लागतात. मध्यम कष्ट करणाऱ्या तिच्या आईला लागतात २१३० च्या आसपास. म्हणजे पोरीचं ताट आईच्या ताटापेक्षा मोठं हवं. ती रोज सराव करत असेल तर त्याहून मोठं. लोह? त्या वयाच्या मुलाला २६ मिलिग्रॅम, मुलीला ३२. घराघरांत आजवर उलट वाढलं गेलं.

हे भरायला महागडी पावडर लागत नाही. बाजारातल्या डब्यांत काय मिसळलेलं असतं याची खात्री नसते. त्यातल्या एखाद्या बंदी असलेल्या द्रव्यानं खेळाडूवर बंदी येऊ शकते. आपल्या घरातच बघा.

सरावाला निघण्याआधी एक केळं, किंवा गूळ-शेंगदाणे, किंवा रात्रीची अर्धी भाकरी. उपाशीपोटी धावणं म्हणजे तेल न घालता इंजिन चालवणं. सराव संपल्यावर तासाभराच्या आत पोटभर न्याहारी : भाकरी आणि मोड आलेली मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, चालत असेल तर उकडलेली दोन अंडी. मूठभर फुटाण्यांत किंवा शेंगदाण्यांत साधारण एका अंड्याइतकी प्रथिनं असतात. दुपारी-रात्री भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक. हाडांसाठी नागली, म्हणजेच नाचणी. १०० ग्रॅम नागलीच्या पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. या वयात रोज १००० ते १०५० लागतं. गरिबांचं धान्य म्हणून आपणच नागलीला मागं सारलं होतं.

पालेभाजी आणि डाळीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा नको, तो लोह अडवतो. चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोरगी खरंच गिळते का, ते विचारा. उन्हात सराव असेल तर पाण्याची बाटली आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजायचं. आणि झोप आठ तास तरी. फोन रात्री आईच्या उशाशी.

बचत गटानं काय करावं?

शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववीत गेल्यावर, म्हणजे भूक सगळ्यांत जास्त असते तेव्हा, शाळेतली खिचडी बंद होते. ही पोकळी आपण भरू शकतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत गावातल्या खेळणाऱ्या मुलींची यादी करा. प्रत्येक घरानं आठवड्याला मूठभर शेंगदाणे, फुटाणे, थोडा गूळ दिला तर मैदानावर सरावानंतर वाटायला डबा तयार होतो. उपकेंद्रातल्या ताईंना बोलावून मुलींचं रक्त तपासून घ्या. क्रीडाशिक्षकांना भेटा, पाळीबद्दल मुलींनी कुणाशी बोलायचं ते ठरवा. आणि सराव असेल त्या दिवशी पाण्याचा हंडा भावाकडे द्या.

गोळेश्वरच्या लोकांनी एका पोराच्या मागं गाव उभं केलं होतं. आपल्याकडे ती रीत आहे, ती नव्यानं शिकायची नाही. तालमीत ताटाकडे बघणारा वस्ताद होता, आपल्या पोरींसाठी ते काम आपण दहा-वीस जणींनी वाटून घ्यायचं. आज रात्री पानं वाढताना पोरीचं पान आधी घ्या, उसळीची एक पळी जास्त घाला. कुणी विचारलं तर सांगा, हा तिचा खुराक आहे.